मुगाच्या मोडांतील यंत्र

इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांतील पेशीश्वसनाचा पाठ शिकवीत असतां गेल्या वर्षीं एका विद्यार्थिनीनें आम्हांस एक प्रश्न विचारला. पेशींतील तंतुकणिकेच्या आवरणांत बसलेल्या एका मोठ्या विकरसंघाची आकृति आम्हीं फळ्यावर काढली होती. एक हात आडवा, आवरणांत रुतलेला. दुसरा त्यास काटकोनांत, बाहेर आलेला. मुलगी उठून म्हणाली, "सर, हा आकार कोणीं पाहिला?" आम्हीं सवयीनें उत्तर दिलें, "शास्त्रज्ञांनीं, सूक्ष्मदर्शकांतून." ती खालीं बसली, पण तिचें समाधान झालें नाहीं हें उघड दिसत होतें. सायंकाळीं खडवली स्टेशनाकडे जातांना आमचें उत्तर आम्हांसच टोंचूं लागलें. सूक्ष्मदर्शकास डोळा लावून तो आकार आजवर कोणासहि दिसलेला नाहीं. मग तो आमच्या फळ्यावर आला कोठून? त्या मुलीस देण्याचें राहिलेलें उत्तर या लेखांत देण्याचा विचार आहे. पालकांनींहि तें वाचावें, कारण त्यांतील मुख्य वस्तु त्यांच्या स्वयंपाकघरांतीलच आहे.

ती वस्तु म्हणजे मूग. रात्रीं भिजत घातलेले मूग फडक्यांत बांधून ठेवले आणि दुसऱ्या दिवशीं त्या पुरचुंडींत बोट घातलें, तर आंत किंचित् ऊब लागते. दाण्यांत सांठविलेलें अन्न कोंब जाळीत असतो. परंतु चुलींतील लांकडाप्रमाणें भडकून नव्हे, तर पायरीपायरीनें. अन्नांतून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आवरणांत एका विकरसंघाकडून दुसऱ्याकडे असे हातोहात पोंचविले जातात, आणि शेवटीं प्राणवायूशीं संयोग होऊन त्यांचें पाणी बनतें. विहिरीपासून घरापर्यंत उभे राहून बादल्या पुढें देणाऱ्या माणसांची रांग मनांत आणावी. या रांगेंत मुख्य गडी चार. त्यांपैकीं पहिला, तिसरा व चौथा हे बादली पुढें देतां देतां आणखी एक काम करितात : हायड्रोजनचे धनभारित कण, ज्यांस प्रोटॉन म्हणतात, ते आवरणाच्या पलीकडे ढकलतात. हे कण परत येतात त्या वाटेवर पाणचक्कीसारखें एक निराळें विकर बसविलेलें आहे. तें खरोखरच गरगर फिरतें. जपानी संशोधकांनीं १९९७ सालीं त्याचें फिरणें प्रत्यक्ष दाखविलें. या फिरण्यांतून एटीपी नांवाचें द्रव्य तयार होतें व तेंच कोंबाच्या वाढीस, तसेंच आपल्या हातापायांस, खर्चावयास मिळतें.

आतां या गड्यांचा आकार केवढा तें पाहूं. विकर म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन, हें विद्यार्थ्यांस माहीत आहेच. कांहीं कामें एकट्या प्रथिनाच्या आवांक्यांतील नसतात. तेथें अनेक प्रथिनें एकमेकांत गुंतून एक संघ होतो. गाईच्या हृदयाच्या पेशींतील पहिल्या गड्यांत ४५ प्रथिनें आहेत. पाण्याच्या रेणूचें वजन १८ मानिलें तर याचें वजन सुमारें १० लाख भरतें. रेणूंच्या जगांत हा हत्ती झाला. तरी त्याची लांबी सुमारें २० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरांत असे ५० हजार हत्ती ओळीनें उभे राहतील. ज्या प्रकाशानें आपणांस दिसतें त्याच्या लहरीच मुळीं ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या. जाड दोराच्या टोंकानें सुईचें नाक चांचपण्यासारखा हा प्रकार आहे. भिंग कितीहि उत्तम असो, येथें त्याचा उपाय चालत नाहीं.

आकार दिसत नसतांना या यंत्राचा सुगावा प्रथम लागला तो रंगावरून. चार्ल्स मॅकमन नांवाचे एक डॉक्टर इंग्लंडांतील वुल्व्हरहॅम्टन या गांवीं रोगी तपासून उरलेल्या वेळांत संशोधन करीत असत. वर्णपटदर्शकांतून प्राण्यांच्या स्नायूंकडे पाहतांना त्यांस ठराविक ठिकाणीं काळे पट्टे दिसले. हें रक्ताच्या रंगाहून निराळें द्रव्य असून श्वसनाशीं त्याचा संबंध आहे, असें त्यांनीं १८८० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध केलें. जर्मनींतील होप्पे-सायलर हे त्या काळचे मोठे अधिकारी. हें तर बिघडलेलें रक्तद्रव्यच होय, असा त्यांनीं निर्णय दिला आणि मॅकमन यांचे पट्टे ग्रंथांतून जवळजवळ नाहींसे झाले. १९२५ सालीं केंब्रिज येथें डेव्हिड कीलिन यांनीं तेच पट्टे कीटकांच्या स्नायूंत व किण्वांत पुन्हां पाहिले, त्यांस सायटोक्रोम हें नांव दिलें, आणि मॅकमन यांचें म्हणणें खरें होतें हें स्पष्ट लिहिलें. मॅकमन तोंवर वारले होते.

यानंतरचें एक पाऊल एका मराठी बाईचें आहे, व आमच्या विद्यार्थिनींनीं तें नांव विसरूं नये अशी आमची इच्छा आहे. कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी, यांचा जन्म १९११ सालचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत गेल्या, तेव्हां संस्थेचे प्रमुख सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला. त्या परतल्या नाहींत. आग्रह धरून बसल्या. शेवटीं एक वर्ष काम पाहूं आणि मग ठरवूं, या अटीवर त्यांस घेण्यांत आलें. तेथें दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर त्यांनीं काम केलें, आणि पुढें केंब्रिज येथें रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास आरंभिला. बटाट्यापासून सुरुवात करून, प्राण्यांप्रमाणें वनस्पतींच्या पेशींतहि सायटोक्रोम आपलें श्वसनाचें काम करितें, असें त्यांनीं दाखविलें. रांगेंतील चौथा गडी, जो प्राणवायूस इलेक्ट्रॉन देतो व ज्यास सायटोक्रोम ऑक्सिडेज म्हणतात, तो फुलझाडांतहि आहे, या विषयावर हिल व भागवत यांचें टिपण १९३९ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत आलें. त्याच वर्षीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. प्रबंध अवघा चाळीसएक पानांचा होता असें सांगतात. आमच्या मुलांच्या प्रकल्पवह्या याहून जाड असतात. पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं नीरा व कडधान्यें यांवर पुष्कळ संशोधन केलें, व त्या संस्थेच्या संचालकहि झाल्या. १९९८ सालीं त्या निवर्तल्या.

गडी आहे हें कळलें. तो दिसतो कसा हें कळण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. विकरें हीं प्रथिनें आहेत हेंच मुळीं सर्वांस मान्य नव्हतें. जेम्स सम्नर या अमेरिकन अध्यापकानें आपल्या अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून नऊ वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ सालीं एका विकराचे शुद्ध स्फटिक काढून दाखविले. लहानपणींच्या अपघातानें त्यांचा डावा हात गेला होता. सर्व प्रयोग एका हातानें केले. स्फटिक मिळाला म्हणजे त्यांतून क्षकिरण पाठवितां येतात, आणि ते ज्या रीतीनें विखुरतात त्यावरून अणूंची मांडणी गणितानें काढतां येते. या मार्गानें केंब्रिज येथें केंड्रू व पेरुट्झ यांनीं प्रथमच प्रथिनांचे आकार निश्चित केले. पेरुट्झ यांस एका हिमोग्लोबिनासाठीं १९३७ पासून बावीसएक वर्षें लागलीं.

परंतु आपला यंत्रसंघ स्फटिक होण्यास राजी नसतो. तो चरबीच्या आवरणांत रुतून राहणारा. बाहेर ओढला कीं गोळा होऊन बसतो, आणि ओळीनें उभें राहणें त्याच्या स्वभावांत नाहीं. तरीहि चिकाटीच्या लोकांनीं त्यास वळविलें. गाईच्या हृदयांतील चौथ्या गड्याचा, १३ प्रथिनांच्या संघाचा, आकार १९९५-९६ सालीं जपानांत योशिकावा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्फटिकावरूनच काढला. पहिल्या गड्याचें मात्र सहसा कोणापुढें चालेना. इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक १९३१ सालीं जर्मनींत रुस्का यांनीं बनविला होता. वेगवान इलेक्ट्रॉनची लहर प्रकाशाच्या लहरीहून लक्षावधि पटींनीं तोकडी, तेव्हां सुईचें नाक चांचपण्यास हा धागा योग्य. जड धातूच्या क्षारांत संघ बुडवून त्याची बाह्याकृति या सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखूं येई. अन्न आपल्या रांगेपर्यंत येण्यापूर्वीं ज्या देवडीवरून जातें त्या पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नांवाच्या महासंघाची ठेवण टेक्सस येथें लेस्टर रीड यांनीं अशाच रीतीनें उलगडली. आपल्या शरीरांतील त्याचा गाभा ६० प्रथिनांचा, बारा पंचकोनी बाजूंचा आहे. आंतड्यांतील एका जंतूंत तोच २४ प्रथिनांचा घन आहे. पण ही नुसती बाह्यरेषा झाली. आंतील पुर्जे पाहावयाचे तर ओला संघ जसाच्या तसा इलेक्ट्रॉनपुढें ठेवला पाहिजे, आणि त्या यंत्रांत तर पूर्ण निर्वात असते. पाणी तत्क्षणीं उडून जाणार. गोठवावें तर बर्फाचे स्फटिक संघास चिरडणार.

हा पेंच झाक दुबोशे या स्विस संशोधकांनीं १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सोडविला. पाण्याचा अत्यंत पातळ थर उणे १८० अंशांच्या आसपास थंड केलेल्या द्रव ईथेनमध्यें झटकन् बुडविला, तर पाण्याच्या रेणूंस ओळ धरण्यास अवसरच मिळत नाहीं. बर्फ न होतां त्याची कांच होते, व त्या कांचेंत संघ आहे त्या स्थितींत अडकून राहतो. दुबोशे, योआखिम फ्रँक व रिचर्ड हेंडरसन या तिघांस या विद्येबद्दल २०१७ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

फ्रँक यांचें काम समजण्यास पावसाळ्यांत भातसा नदीच्या कांठीं उभें राहावें. श्रावणांतली झड लागली म्हणजे पलीकडच्या तीरावरचें झाड धड दिसत नाहीं. एक छायाचित्र घेतलें तर त्यांत पावसाच्याच रेघा. पण एकाच जागेवरून शंभर छायाचित्रें घेऊन एकावर एक ठेविलीं तर काय होईल? पावसाच्या रेघा दर चित्रांत निराळ्या, म्हणून त्या एकमेकींस पुसून टाकितील; झाड प्रत्येक चित्रांत तेथेंच, म्हणून तें उठून दिसेल. इलेक्ट्रॉन जोरानें सोडले तर संघच जळून जातो. म्हणून ते अगदीं जपून सोडावे लागतात, आणि प्रत्येक चित्र असें पावसांतल्यासारखें धूसर येतें. त्यांत भर ही कीं कांचेंत अडकलेले संघ कोणी उताणे, कोणी पालथे, कोणी कुशीवर असतात. हजारों, कधीं लक्षावधि चित्रें घेऊन, एकाच बाजूनें दिसणारीं एकत्र करून, बाजूबाजूंच्या छाया जुळवून त्यांतून घनाकृति उभी करणें हें संगणकाचें काम. फ्रँक यांनीं त्याची रीत घालून दिली.

हें मुलांस पटावें म्हणून आम्हीं वर्गांत एक खेळ केला. खिडक्या झांकून, पांढऱ्या पडद्यामागें दिवा लावून एक वस्तु दोऱ्यानें टांगली आणि ती वळवीत गेलों. बारा मुलांनीं पडद्यावरची एकेक छाया कागदावर काढावयाची, व ज्यांनीं छाया पाहिल्या नाहींत त्यांनीं त्या बारा कागदांवरून मातीची वस्तु बनवावयाची. पहिल्या तीन-चार कागदांवरूनच मुलांनीं निकाल दिला कीं हा तांब्या आहे. मग वासिंदहून गाडीनें येणाऱ्या एका अबोल मुलाचा कागद आला. त्यांत तांब्याच्या पोटास एक शेंडीसारखें कांहीं फुटलें होतें. सर्व हंसले. आणि येथें आम्हांस लाजिरवाणी कबुली द्यावयाची आहे. वस्तु टांगणारे आम्हीच. तरी दिव्यामागून त्या क्षणीं ती कशी दिसते याकडे आमचें लक्ष नव्हतें. "अरे, नीट पाहून काढ," असें आम्हीं म्हटलें, आणि त्या मुलानें ती शेंडी खोडरबरानें पुसून टाकिली. मातीचा तांब्या झाला. पडदा बाजूला केला तेव्हां दोऱ्यास शाळेची चहाची किटली लोंबत होती. बाराही जणांत तिची तोटी स्पष्ट दिसली होती ती त्याच एकास. इतरांच्या वेळीं ती पुढच्या अथवा मागच्या बाजूस येऊन पोटाच्या छायेंत लपली होती. त्यानें पुसलेल्या जागीं कागदावर उमटलेला वळ अजून दिसतो. तो कागद आम्हीं जपून ठेविला आहे.

हा धोका मुलांच्या खेळापुरताच नाहीं. हेंडरसन यांनीं २०१३ सालीं आपल्याच क्षेत्रांतील लोकांस एक इशारा लिहिला. एक हजार चित्रें घ्या, ज्यांत झाडहि नाहीं, नदीहि नाहीं, केवळ पाऊस आहे. आतां संगणकास आईन्स्टाईन यांचें छायाचित्र देऊन सांगा कीं प्रत्येक चित्र या चेहऱ्याशीं जितकें जुळेल तितकें जुळवून मग बेरीज कर. बेरजेंत विसकटलेल्या केंसांचे आईन्स्टाईन प्रकट होतात! मूळ चित्रांत त्यांचा लवलेशहि नसतो. ते शोधणाऱ्यानेंच आंत नेलेले असतात. म्हणून आतां जबाबदार संशोधक आरंभींच चित्रांचे दोन भाग करितात, दोन्ही भागांची आकृति एकमेकांस न विचारतां स्वतंत्रपणें बनवितात, आणि दोन्ही जितक्या बारकाव्यापर्यंत मिळतात तितक्याच बारकाव्याचा दावा करितात. आमच्या वर्गांत सहा-सहा कागदांचे दोन गट केले असते, तर एका गटाची किटली झाली असती, दुसऱ्याचा तांब्या, आणि भांडण तरी खरें झालें असतें.

या मार्गानें पहिला गडी शेवटीं पकडला गेला. केंब्रिज येथें गाईच्या हृदयांतील संघावर जूडी हर्स्ट यांच्या गटानें २०१४ व २०१६ सालीं जें काम प्रसिद्ध केलें, त्यांत के. आर. विनोथकुमार हे भारतीय संशोधक होते. पुढें ते बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत आले, आणि या विद्येचीं यंत्रें आज त्या आवारांत चालतात. ४५ प्रथिनांपैकीं प्रत्येक कोठें बसतें हें कळल्याचा उपयोगहि आहे. लेबर यांच्या नांवानें ओळखला जाणारा एक आनुवंशिक नेत्ररोग बहुधा तरुण मुलांस होऊन त्यांची दृष्टि कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत मंदावते. पुष्कळ रोग्यांत त्याचें मूळ याच संघांतील एखाद्या प्रथिनाच्या एका अक्षराच्या चुकीत असतें. ती चूक यंत्राच्या कोणत्या सांध्यांत पडते हें आतां बोट ठेवून दाखवितां येतें.

आणि मूग? अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस येथील विद्यापीठांत मारिया माल्दोनादो, जेम्स लेट्स व त्यांचे सहकारी यांनीं वनस्पतींच्या संघासाठीं मूगच निवडले. मूग अंधारांत रुजवावयाचे, म्हणजे हिरवें द्रव्य तयार होऊन घोटाळा करीत नाहीं. त्यांचे पांढुरके देंठ थंडाव्यांत वाटून, गाळून, जोरानें फिरणाऱ्या यंत्रांत घालून तंतुकणिका वेगळ्या काढावयाच्या. साबणासारख्या पण सौम्य द्रव्यानें आवरणांतून संघ सोडवावयाचे. वजनाप्रमाणें त्यांची प्रतवारी करून ते गोठवावयाचे. २०२० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला पहिला गडी हा जुळणी पुरी न झालेला, सुमारें ८ लाख वजनाचा निघाला. दुरुस्तीच्या दुकानांत पुढचें चाक बसविण्यापूर्वीं सायकल पाहावी तसा. त्याच्या कुशीस तीन प्रथिनांचा एक फुगवटा आहे, जो गाईच्या संघांत मुळींच नाहीं. एखाद्यानें गाईचा नमुना डोळ्यांपुढें ठेवून तो फुगवटा पुसून टाकिला असता तर! २०२१ सालीं त्याच गटानें मुगांतील तिसरा व चौथा गडी, आणि ते दोघे एकमेकांस बिलगून राहतात ती जोडी, यांचे आकार दिले. हा चौथा म्हणजे तोच, ज्याचा वनस्पतींतील माग कमला भागवतांनीं ८२ वर्षांपूर्वीं काढला होता.

हें सर्व आम्हीं त्या विद्यार्थिनीस सांगितलें. ती म्हणाली, "म्हणजे कोणीं एकानें पाहिला नाहीं, सर, पुष्कळ चित्रांनीं मिळून पाहिला." नंतर तिनें विचारलें कीं मुगाऐवजीं वाल चालले असते काय. आमच्या भागांत भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात, म्हणून हा प्रश्न तिला सुचला असावा. आकार काढण्याचीं साधनें आमच्या प्रयोगशाळेंत नाहींत. परंतु ऊब मोजण्यास थर्मास पुरतो. येत्या सत्रांत चार थर्मास मांडावयाचे ठरलें आहे : एकांत मोड आलेले मूग, दुसऱ्यांत मोड आलेले वाल, तिसऱ्या व चौथ्यांत तेच दाणे उकळून निवविलेले. प्रत्येकांत उष्णतामापक राहील, व शेजारीं चुन्याच्या निवळीची बाटली. सकाळ-दुपारच्या नोंदी दोन निरनिराळ्या तुकड्या एकमेकींस न दाखवितां घेतील. वासिंदच्या मुलाकडे नोंदवही दिली असून तींत खोडरबर वापरण्यास मनाई आहे. पालकांस विनंति कीं मुलांनीं मूठभर मूग वा वाल मागितल्यास द्यावे. ते पुन्हां आमटीसाठीं परत मिळणार नाहींत.